ताप उतरला तेव्हा : डेंग्यूच्या रुग्णाजवळची एक संध्याकाळ आणि परिचारिकांचे नोकरीतले शिक्षण

पुण्यात पावसाळा स्थिरावला की दिवाळीपर्यंत मेडिसिनच्या वॉर्डांत डेंग्यूचे रुग्ण येत राहतात. त्यांतले बहुतेक पाचसहा दिवसांत बरे होऊन घरी जातात आणि थोड्या जणांची प्रकृती अचानक ढासळते. ही ढासळण कोणाच्या लक्षात सर्वांत आधी येते, यावर बरेच अवलंबून असते, आणि ती व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते, कारण डॉक्टर फेरीपुरते येतात आणि परिचारिका पाळीभर तिथेच असते. पुढील प्रकरणात नोकरीत असताना मिळालेले शिक्षण अशा वेळी रुग्णाच्या खाटेपाशी कितपत उपयोगी पडते आणि त्यासाठी शिक्षणाबरोबर आणखी काय बदलावे लागते, हे एका रुग्णाच्या आधारे पाहिले आहे. शहरातील मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयांत घडतात तशा प्रसंगांवरून हे प्रकरण बांधले आहे. यातील रुग्ण, कर्मचारी किंवा रुग्णालय म्हणजे कोणी एक विशिष्ट व्यक्ती वा संस्था नव्हे. रोगाविषयीची माहिती, मोजमापे आणि उपचारांची तत्त्वे मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत.

आधीच्या पावसाळ्यात काय झाले होते

हे प्रकरण ज्या वॉर्डातले आहे तिथेच आदल्या वर्षी एक तरुण रुग्ण पहाटे पाच वाजता थंडगार हातपाय आणि न लागणारा बीपी अशा अवस्थेत सापडला. रात्रीच्या नोंदी पाहिल्या तर त्यांत दडवादडवी किंवा आळस काहीच नव्हता. दर चार तासांनी तापमान, नाडी, श्वसन आणि बीपी लिहिलेले होते, अक्षर सुवाच्य होते आणि शेरा होता : ‘ताप नाही, रुग्ण झोपला आहे, तक्रार नाही.’ रात्री दोनचा बीपी १०४/८६ असा होता. तो लिहिणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने वरचा आकडा शंभराच्या वर होता, म्हणून बीपी ठीक होता. वरच्या आणि खालच्या आकड्यांत फक्त १८ चे अंतर उरले आहे, हे पाहायला तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. रुग्ण अतिदक्षता विभागात गेला आणि वाचला.

यानंतरच्या बैठकीत साहजिकच पहिला प्रश्न विचारला गेला, की या परिचारिकांना डेंग्यूचे प्रशिक्षण झाले नव्हते का? ते झाले होते. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर परिचर्या शिक्षण ठरवून दिले आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ३० तास. त्या तासांसाठी वॉर्डातील जवळजवळ सर्वांनी एका सभागृहात दिवसभराचे सत्र केले होते, डासाच्या जीवनचक्रापासून प्लेटलेट देण्यापर्यंतच्या स्लाइड पाहिल्या होत्या, आणि प्रमाणपत्रे आपापल्या फायलींत लावली होती. रात्रपाळी करून थेट सत्राला आलेल्या दोघीतिघी मागच्या रांगेत पेंगत होत्या, हेही सर्वांना ठाऊक होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तास मोजणारी व्यवस्था बसून राहण्याचेच मोल करते, आणि त्या बसल्या होत्या.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या शैक्षणिक सभांचा प्रत्यक्ष कामावर किती परिणाम होतो, याचा वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये अद्ययावत केलेला आढावा उपलब्ध आहे. त्यानुसार अपेक्षित पद्धतीने काम होण्याच्या प्रमाणात अशा सभांमुळे होणारी सुधारणा साधारण सात टक्क्यांच्या आसपास आहे. सुधारणा होते, पण थोडी. ज्यांनी सभागृहातली सत्रे घेतली आहेत त्यांना या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

शिक्षणाची जागा बदलली

परिचारिकांना शिकवणाऱ्या, रुग्णालयाच्या नर्स एज्युकेटरने पुढच्या पावसाळ्याआधी वेगळा मार्ग धरला. दुपारी दोनला सकाळची पाळी दुपारच्या पाळीला ओव्हर देते, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवते, तेव्हा दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर वॉर्डात असतात. त्या वेळेला जोडून पंधरा मिनिटे, आठवड्यातून दोनदा, वॉर्डातच सत्र घ्यायचे असे ठरले. स्लाइड नाहीत, चहा नाही, प्रमाणपत्र नाही. मेट्रननी, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांनी, याला परवानगी दिली, पण तेवढा वेळ मावश्यांनी आणि वॉर्डबॉयनी बेल सांभाळाव्यात अशी अटही घातली. ही व्यवस्था कागदावर किरकोळ वाटली तरी तिच्याशिवाय एकही सत्र पूर्ण झाले नसते.

पहिल्या सत्रात नाव झाकलेले जुने चार्ट वाटले गेले आणि एवढेच विचारले, की या रुग्णाबद्दल तुम्ही डॉक्टरांना कधी फोन केला असता? आदल्या वर्षीचा चार्टही त्यांत होता. बहुतेकींनी पहाटे पाचच्या नोंदीवर बोट ठेवले. मग एज्युकेटरने सर्वांना वरच्या बीपीतून खालचा वजा करून बाजूला लिहायला लावले. ४४, ४०, ३४, २६, १८ अशी उतरती ओळ तयार झाली आणि पुढचे फारसे सांगावे लागले नाही.

डेंग्यूमध्ये ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचा काळ नेमका तिथेच सुरू होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. ही गळती २४ ते ४८ तास चालते. द्रव कमी झाल्याने उरलेले रक्त घट्ट होते, म्हणजे पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे टक्केवारीतले प्रमाण) वाढतो. मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्के किंवा अधिक वाढ ही गळतीची खूण मानतात. शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवून धरते, त्यामुळे वरचा बीपी बराच वेळ ठीक दिसतो, खालचा वर चढतो आणि दोहोंतला फरक, ज्याला पल्स प्रेशर म्हणतात, आकसत जातो. तो २० किंवा त्याखाली आला तर रुग्ण शॉकमध्ये आहे, म्हणजे त्याच्या अवयवांना पुरेसे रक्त पोचत नाही, असे धरायचे, मग वरचा आकडा शंभर असो वा एकशे दहा. शरीराची ही धडपड संपली की बीपी एकदम कोसळतो, आणि तोवर हाताशी असलेला बराच वेळ निघून गेलेला असतो.

पुढच्या सत्रांत हातांनी करायची कामे होती. रुग्णाचा हात छातीच्या पातळीवर धरून बोटाचे टोक दाबायचे, सोडायचे, आणि रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो का ते पाहायचे. तळव्यापासून कोपरापर्यंत हात फिरवून गारवा कुठे संपतो ते पाहायचे. मशीनने दिलेला बीपी पटला नाही तर कफ बदलून स्टेथोस्कोपने स्वतः घ्यायचा. सहा तासांत लघवी किती झाली हे रुग्णाच्या नातेवाइकाला ‘झाली का?’ असे विचारून न लिहिता मापाच्या भांड्याने मोजायचे. वजनाच्या दर किलोला ताशी अर्धा मिलिलिटर ही किमान मर्यादा. शेवटच्या दोन सत्रांत फक्त फोन करण्याचा सराव होता : एक सिस्टर आरएमओ, म्हणजे पाळीवरचा निवासी डॉक्टर, व्हायची, घाईत आणि जरा त्रासिक आवाजात बोलायची, आणि दुसरीने अर्ध्या मिनिटात रुग्ण कोण, आता काय बिघडले, आधी काय होते, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे, हे सांगायचे. ‘मला काय वाटते’ इथे जवळजवळ प्रत्येक जण अडली. निदान करणे आपले काम नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मनावर बिंबलेले असते; पण ‘मला हा रुग्ण शॉकमध्ये जातोय असे वाटते’ हे वाक्य निदान नसून इशारा आहे, हा फरक पटायला दोन सत्रे लागली.

सत्रांबरोबर दोन गोष्टी बदलल्या. तापमान, नाडी आणि श्वसन नोंदवण्याच्या टीपीआर चार्टमध्ये बीपीशेजारी पल्स प्रेशरचा एक रकाना आला. आणि वैद्यकीय संचालकांच्या सहीने एक पानी सूचना लागली, की डेंग्यूच्या रुग्णाचे पल्स प्रेशर २५ च्या खाली गेले किंवा हात थंड लागले, तर सिस्टरने आरएमओंना कळवावे आणि पंधरा मिनिटांत प्रतिसाद न मिळाल्यास थेट कन्सल्टंटना, म्हणजे रुग्णाच्या मुख्य तज्ज्ञ डॉक्टरांना, फोन करावा. असा फोन केल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही. माझ्या मते या सूचनेतले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे होते.

रुग्ण

सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा २३ वर्षांचा विद्यार्थी, वजन ५८ किलो. तापाच्या तिसऱ्या दिवशी तो दाखल झाला. डेंग्यूसाठीची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह होती, प्लेटलेट ९८ हजार आणि पीसीव्ही ३९. वडील गावाहून रातोरात एसटीने आले होते. रूममेटने किवी आणून ठेवले होते आणि कोणीतरी पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून दिला होता. पुण्यात डेंग्यूच्या रुग्णाच्या उशाशी या दोन गोष्टी नसतील असे सहसा होत नाही, आणि दिवसातून चार वेळा विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला : ‘प्लेटलेट किती झाल्या?’ त्याच कागदावर दोन ओळी वर छापलेला पीसीव्ही कोणी विचारत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ताप १०२.६ होता, नाडी १००, बीपी ११८/७४, श्वसन २०, ऑक्सिजन ९७ टक्के. पाचव्या दिवशी सकाळी प्लेटलेट ६२ हजार आणि पीसीव्ही ४४ आला. दुपारनंतर ताप उतरला. संध्याकाळी सहाला ताप ९९, नाडी १०४, बीपी १०६/८८, श्वसन २०, ऑक्सिजन ९७.

या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. रुग्णालयात ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची न्यूज२ ही गुणपद्धत वापरात होती. श्वसन, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण देऊन बेरीज पाच किंवा जास्त झाली की तातडीने डॉक्टरांना बोलवायचे, असा तिचा ढाचा आहे. या पद्धतीने आदल्या संध्याकाळचे गुण तीन होतात, दोन तापाचे आणि एक नाडीचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते दोन होतात, एक नाडीचा आणि एक बीपीचा. म्हणजे गुणपद्धतीच्या हिशेबाने मुलगा सुधारत होता. पद्धत चुकीची नाही. तिच्यात खालच्या बीपीला जागा नाही आणि पीसीव्हीला तर नाहीच. साधन चांगले असले तरी ते कुठे आंधळे आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असावे लागते, आणि सामान्य स्वरूपाच्या प्रशिक्षणात हे क्वचितच शिकवले जाते.

दुपारपाळीची सिस्टर जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, झालेली, नोकरीत चार वर्षे. तिने नव्या रकान्यात १८ लिहिले आणि कफ पुन्हा बांधून हाताने बीपी घेतला. १०४/८८ आला. हात मनगटाच्या वरपर्यंत गार होता, बोटाचा रंग परतायला तीन सेकंदांच्या वर लागले. मुलगा शुद्धीवर होता, नीट उत्तरे देत होता, फक्त सारखी कूस बदलत होता आणि पोटात दुखते म्हणत होता. दुपारी बारापासून लघवी झाली नव्हती. वडील मात्र सकाळपेक्षा निवांत होते.

‘सिस्टर, ताप उतरला बघा. उद्या सोडतील ना?’

‘काका, ताप उतरला की आम्ही जास्त लक्ष ठेवतो. जरा बाहेर बसा, मी डॉक्टरांना बोलवते.’

साडेसहाला तिने आरएमओंना फोन केला. ते दुसऱ्या मजल्यावर नव्या रुग्णात अडकले होते. त्यांनी प्लेटलेट विचारल्या, ६२ हजार ऐकल्यावर ‘रक्तस्राव नाही ना? मग फेरीला बघतो’ असे म्हणाले. सरावातल्या फोनसारखेच हे घडले, असे सिस्टरने नंतर सांगितले. ती म्हणाली, ‘सर, प्लेटलेटसाठी फोन नाही केला. पल्स प्रेशर अठरा आहे, हात गार आहेत, सहा तास लघवी नाही. मला तो शॉकमध्ये जातोय असं वाटतं. तुम्ही आत्ता याल का, की मी मॅडमना फोन लावू?’ आरएमओ येतो म्हणाले, पण पंधरा मिनिटांत आले नाहीत, आणि पावणेसातला तिने कन्सल्टंट मॅडमना फोन केला. त्याआधी तिने तातडीच्या सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, रक्त पाठवले होते आणि दुसऱ्या हाताला व्हेनफ्लॉन (सलाईन देण्याची नळी) लावून ठेवले होते.

कन्सल्टंटनी फोनवरच आदेश दिला : रिंगर लॅक्टेट हे सलाईन, किलोला सात मिलिलिटरप्रमाणे पहिल्या तासात, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर. वॉर्डात इन्फ्युजन पंप मोकळा नव्हता. मिलिलिटरला वीस थेंब पाडणाऱ्या सेटने ताशी ४०० मिलिलिटर द्यायचे तर मिनिटाला १३० हून अधिक थेंब पडायला हवेत, आणि ते डोळ्यांनी मोजता येत नाहीत. सिस्टरने बाटलीवर उभी पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेनाने सात-पाच, सात-वीस, सात-पस्तीस अशा वेळांच्या खुणा केल्या आणि पातळी खुणेशी जुळते का ते दर पंधरा मिनिटांनी पाहिले. दरम्यान आलेल्या अहवालात प्लेटलेट ५४ हजार आणि पीसीव्ही ४७ होता. ३९ वरून ४७, म्हणजे वीस टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. आठ वाजता बीपी ११२/८२ आणि नाडी ९६ झाली, हात कोमट लागू लागले. नऊला १२० मिलिलिटर लघवी झाली. मग सलाईनचा वेग पायरीपायरीने कमी केला गेला. अतिदक्षता विभागाची गरज पडली नाही, प्लेटलेटही द्याव्या लागल्या नाहीत.

दुसरी रात्र

शिकवले, वापरले, रुग्ण वाचला, इतक्या सरळ रेषेत हे प्रकरण संपत नाही.

सहाव्या दिवशी रात्री वॉर्डात दोन सिस्टर रजेवर होत्या आणि जागा भरायला एजन्सीकडून आलेली परिचारिका होती. तिने दुपारची सत्रे पाहिलेली नव्हती. सलाईन किलोला तीन मिलिलिटरच्या वेगाने, ताशी सुमारे १७५ मिलिलिटर, चालू होते आणि फाइलवर ‘पीसीव्ही पाहून कमी करणे’ असा शेरा होता. रात्री आठच्या अहवालात पीसीव्ही ३७ आला होता, पल्स प्रेशर ४२ होते, लघवी भरपूर होत होती. गळती थांबून बाहेर गेलेला द्रव रक्तात परत येऊ लागल्याची ही चिन्हे होती, आणि अशा वेळी वरून दिलेले प्रत्येक मिलिलिटर फुप्फुसांवर ओझे टाकते. बदली परिचारिकेने शिकलेला नियम प्रामाणिकपणे पाळला : डेंग्यूत द्रव कमी पडू द्यायचा नाही. पहाटे चारला मुलाला खोकला आणि दम लागला, श्वसन २६, ऑक्सिजन ९३. या वेळी न्यूज२ ने मात्र चोख काम केले. श्वसनाचे तीन आणि ऑक्सिजनचे दोन, असे तिथेच पाच गुण झाले. परिचारिकेने फोन केला, आरएमओ लगेच आले, सलाईन बंद झाले, ऑक्सिजन आणि लघवी वाढवणारे इंजेक्शन दिले गेले. सकाळी फेरीच्या वेळी मुलगा उशीला टेकून बसला होता. ताप नसल्याचे ४८ तास पूर्ण झाल्यावर, प्लेटलेट चढू लागल्यावर आणि सलाईनशिवाय पीसीव्ही स्थिर राहिल्यावर त्याला घरी सोडले.

यातून काय दिसते

पहिल्या संध्याकाळी सिस्टरला ठाऊक असलेली माहिती आदल्या वर्षीच्या स्लाइडवरही होती. तरीही तेव्हा ती कामी आली नाही आणि आता आली, कारण त्या माहितीला चार्टमध्ये जागा मिळाली होती, ती हातांनी तपासायची सवय लागली होती, ती बोलून दाखवायला वाक्य तयार होते आणि बोलल्यावर कोणी खडसावणार नाही याची लेखी हमी होती. यांतली कोणतीही एक गोष्ट काढून घेतली असती, तर साडेसहाचा फोन बहुधा ‘फेरीला बघतो’ यावरच थांबला असता. केवळ रकाना असता तर १८ हा आकडा लिहिला गेला असता आणि तसाच पडून राहिला असता. रुग्णालयांत भरले जाणारे पण कोणी न वाचणारे रकाने थोडे नाहीत.

या सगळ्यात आरएमओंचे वागणे खटकते, पण त्यांनाही प्लेटलेट पाहायचीच सवय लागलेली होती आणि वॉर्डातल्या त्या सत्रांना एकही डॉक्टर बोलावलेला नव्हता. परिचारिकांच्या शिक्षणाचा परिणाम ज्याच्या प्रतिसादावर अवलंबून आहे, त्याला त्या शिक्षणाबाहेर ठेवणे ही योजनेतलीच उणीव होती. आणि दुसऱ्या रात्रीने दाखवले ते असे, की वॉर्डात रुजलेले शिक्षण वॉर्डाच्या कायम माणसांपुरतेच राहते. पुण्यातील खासगी रुग्णालयांत परिचारिका वरचेवर नोकरी बदलतात, कोणी परदेशी जाते, कोणी सरकारी भरतीत लागते; त्यामुळे एका पावसाळ्यात शिकवलेल्या चमूतले किती जण पुढच्या पावसाळ्यात तिथे असतील याचा भरवसा नसतो.

सत्रांच्या आशयातही एक उणीव होती. सारा भर द्रव वेळेवर सुरू करण्यावर होता आणि तो थांबवायचा कधी, याला एका सत्रातली दोन मिनिटे मिळाली होती. मागची दुर्घटना द्रव कमी पडल्याची असल्याने शिक्षणही त्याच बाजूला झुकले, हे समजण्यासारखे आहे. त्यामुळे नियमित सिस्टर त्या रात्री असती तरी तिने सलाईन वेळेत कमी केलेच असते, असे खात्रीने म्हणता येत नाही.

पुढच्या महिन्यात मेट्रन आणि एज्युकेटर यांनी तीन बदल केले. सलाईन कमी करण्याच्या खुणा, म्हणजे उतरलेला पीसीव्ही, रुंदावलेले पल्स प्रेशर आणि वाढलेली लघवी, यांवर जुन्या चार्टसह वेगळे सत्र बसवले. एजन्सीच्या परिचारिकेला रात्री आठच्या ओव्हरच्या वेळी नियमित सिस्टरने दहा मिनिटे त्या एक पानी सूचनेवरून नेऊन तिची सही घ्यायची, असा नियम केला. नव्या आरएमओंच्या ओळख कार्यक्रमात फोनचा सराव घातला, ज्यात आता आरएमओच आरएमओ होतात. दोन वाजताच्या सत्रांना मात्र अजूनही श्रेयांक मिळत नाही. प्रशिक्षण विभागाच्या नोंदवहीत ती तासांच्या हिशेबात धरलेली नाहीत, आणि त्या सिस्टरने नूतनीकरणासाठी उरलेले तास भरायला पुढच्या रविवारी सभागृहातल्या एका दिवसभराच्या सत्रासाठी नाव नोंदवले आहे.